वळिवडे ते वॉर्सा

युरोपच्या सहलीहून परतलेल्या मराठी कुटुंबाच्या छायाचित्रांत आयफेल टॉवर असतो, आल्प्सचा बर्फ असतो. वॉर्सातील कोल्हापूर स्मारक क्वचितच असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली, तेव्हा पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचे नाव कसे, असा प्रश्न अनेकांना पडला असेल.

१९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टॅलिन पोलंडवर तुटून पडले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी नागरिकांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतून सुटलेल्या सुमारे पाच हजार जणांना, प्रामुख्याने स्त्रिया व मुलांना, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आश्रय मिळाला. त्याआधीच जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना पित्याची माया दिली होती.

वॉर्साचे ‘जुने शहर’ वस्तुतः युद्धानंतर उभारलेले आहे. १९४४ च्या उठावानंतर नाझींनी शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. पोलिश समाजाने जुनी चित्रे व आराखडे पाहून ते पुन्हा घडविले. सत्याची पुनर्बांधणी मात्र अधिक कठीण ठरली. १९४० मध्ये कातिन व अन्यत्र सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश बंदींची हत्या केली. मॉस्कोने हे पाप १९९० पर्यंत नाकारले. सोव्हिएत प्रयोगाचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडील विचारवंतांनीही त्या मौनाचा जाब विचारला नाही.

परक्या समाजाची वेदना पाहताना दोन मोह टाळावे लागतात. एक बेफिकिरीचा; दुसरा, ‘आमच्यावर याहून अधिक अत्याचार झाले’ अशी तुलना मांडण्याचा. वेदना तराजूत तोलायची नसते, समजून घ्यायची असते. फाळणीची जखम सोसलेल्या समाजाला हे उमगणे कठीण नाही. पोलिश कुटुंबे वळिवडे सोडून गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले; आजचे गांधीनगर त्यातूनच वसले. एकाच छपराखाली दोन समाजांनी आपली हरवलेली मातृभूमी आठवली.

म्हणूनच अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांनी कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभही आपल्या मुलांना दाखवावा. दुसऱ्या राष्ट्राच्या अश्रूंचा मान राखणाऱ्यालाच स्वतःच्या राष्ट्राची स्मृती जपण्याचा अधिकार शोभून दिसतो.