उषाताई, गाऱ्हाणं म्हणजे बेशिस्त नव्हे

श्रीमती पी. टी. उषा,
अध्यक्ष, भारतीय ऑलिम्पिक संघ,
नवी दिल्ली

आदरणीय उषाताई,


2023 च्या एप्रिलमधलं तुमचं एक विधान माझ्या मनातून अजून जात नाही. जंतरमंतरवर धरणं धरून बसलेल्या कुस्तीगीरांबद्दल तुम्ही म्हणालात की, असं रस्त्यावर येणं ही बेशिस्त आहे आणि त्यानं देशाची प्रतिमा मलिन होते. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दोन दिवस चरफडले असते आणि सोडून दिलं असतं. दिल्लीत राहणाऱ्याला पदाधिकाऱ्यांच्या तोंडून असं ऐकायची सवय होते. पण हे तुम्ही म्हणालात, आणि ते मला लागलं.

आमच्या पिढीतल्या मुलींनी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये. तुम्ही अठरा वर्षांच्या होतात. 100 मीटरमध्ये फिलिपिन्सच्या लिडिया डि व्हेगानंतर तुम्ही दुसऱ्या आलात, 200 मीटरमध्येही रौप्य मिळवलंत. भारताची त्या वेळची पदकं 57, त्यांतली 13 सुवर्ण, आणि तक्त्यात पाचवा क्रमांक. एवढी पदकं मिळूनही त्या एशियाडचा विषय निघाला की लोकांना आधी आठवतो तो पाकिस्तानकडून 1-7 असा झालेला हॉकीतला पराभव. वलसम्मानं 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत मिळवलेलं सुवर्ण, महिला हॉकी संघाचं सुवर्ण, सतपाल पैलवानांचं सुवर्ण कुणी स्वतःहून काढत नाही. मला तर तेच पाठ आहे.

मग 1986 चं सोल. संपूर्ण देशाला सुवर्णपदकं मिळाली पाच. त्यांतली 200 मीटर, 400 मीटर आणि 400 मीटर अडथळे ही तीन तुमची एकटीची, आणि चौथं शायनी, वलसम्मा, वंदना राव यांच्याबरोबर रिलेत मिळवलेलं. पाचवं कर्तारसिंग यांचं कुस्तीतलं. तुम्ही त्या वर्षी धावला नसतात तर भारताचा तक्ता कसा दिसला असता, हे चार वर्षांनी बीजिंगमध्ये कळलं. तिथं एकच सुवर्ण आलं, कबड्डीचं. देशाची पदकसंख्या किती थोड्या माणसांच्या अंगावर उभी असते, हे तुमच्याइतकं आज हयात असलेलं कुणी जाणत नसेल.

तुम्ही सोसलंतही. 1984 ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागानं तुमचं कांस्यपदक गेलं. तिथं पौष्टिक जेवण न मिळाल्यानं भाताची पेज आणि लोणच्यावर भागवावं लागलं, हे तुम्हीच पुढं सांगितलंत. 2009 मध्ये भोपाळला राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी राहण्याची धड सोय नव्हती, तेव्हा कॅमेऱ्यांसमोर तुम्हाला रडू आवरलं नाही. आणि 2023 च्या फेब्रुवारीत, ऑलिम्पिक संघाच्या अध्यक्ष झाल्यावर, तुम्ही इथं दिल्लीतच पत्रकार परिषद घेतलीत. कोझिकोडजवळच्या तुमच्या अकादमीच्या जागेत बेकायदा बांधकाम होतंय, तिथं राहणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेची काळजी वाटते, हे सांगताना तुमचे डोळे पुन्हा भरून आले.

त्या दिवशी मीही गहिवरले होते. देशाची प्रतिमा मलिन झाली असं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. उषाताई चारचौघांत बोलल्या म्हणजे दुसरा मार्ग उरला नसेल, एवढंच आम्ही समजलो.

तीन महिनेही झाले नाहीत तोच विनेश, साक्षी आणि बजरंग हे कुस्तीगीर जंतरमंतरच्या पदपथावर झोपत होते. चरखी दादरी, रोहतक, झज्जर, म्हणजे तिघंही इथली, राजधानीच्या परिसरातल्या जिल्ह्यांतली. त्यांचं गाऱ्हाणंही मुलींच्या सुरक्षिततेचंच होतं. आरोप कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर होते. त्यांनी ते नाकारले आहेत, आणि खरंखोटं करणं न्यायालयाचं काम आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही. ही मुलं आधी जानेवारीत येऊन बसली होती, समिती नेमल्यावर उठून गेली होती, आणि मग पुन्हा आली. तक्रारीचा गुन्हा नोंदला गेला तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर. घरातल्या सगळ्या दारांवर थाप मारून झाल्यावरच माणूस रस्त्यावर येतो.

तुम्ही 3 मे रोजी त्यांना भेटायला गेलात, हे मी विसरलेले नाही. तुमच्या शब्दांचा विपर्यास झाला असं तुम्ही सांगितल्याचं बजरंगनं बाहेर येऊन सांगितलं. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, ज्या माध्यमांसमोर पहिलं विधान झालं त्याच माध्यमांसमोर. 28 मे रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं. त्या दिवशी पोलिसांनी या खेळाडूंना रस्त्यावरून फरफटत नेलं आणि त्यांचे तंबू उखडले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं ही वागणूक अतिशय अस्वस्थ करणारी असल्याचं म्हटलं. इतका ठाम शब्द दिल्लीच्या ऑलिम्पिक भवनातून मला ऐकू आला नाही.

पदकांच्याच भाषेत बोलायचं तर 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताला कुस्तीत दोन सुवर्णपदकं मिळाली. एक बजरंगचं आणि एक विनेशचं. एशियाडमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. पाच वर्षांनी हांगझोऊत भारतानं पहिल्यांदाच पदकांचं शतक ओलांडलं, 28 सुवर्ण मिळवली, चौथा क्रमांक आला, आणि कुस्तीत एकही सुवर्ण नव्हतं. विनेश गुडघ्याच्या दुखापतीनं गेलीच नाही, बजरंगला कांस्यही मिळालं नाही. आखाड्यात जायचे महिने पदपथावर गेले, त्याचा यात वाटा नाही असं मला कुणी पटवून देऊ नये. त्याच डिसेंबरात साक्षीनं प्रेस क्लबच्या टेबलावर बूट काढून ठेवले आणि कुस्ती सोडली. बजरंगनं पद्मश्री आणि विनेशनं खेलरत्न कर्तव्यपथाच्या फरसबंदीवर नेऊन ठेवलं.

प्रतिमेचा मुद्दा मला मुळातच पटत नाही, आणि तो 1982 च्याच दाखल्यानं पटत नाही. तुम्ही धावलात त्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियम, उड्डाणपूल, खेळग्राम बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. रोजचे 9 रुपये 25 पैसे ठरलेले असताना जमादार रुपया कापून हातावर 8 रुपये 25 पैसे ठेवत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सनं न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि उद्घाटनाला दोन महिने उरले असताना, 18 सप्टेंबर 1982 रोजी, निकाल दिला: किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही वेठबिगारीच. सगळ्या आशियाचे पाहुणे येऊ घातले होते, तरी न्यायालयानं मजुरांना थांबा म्हटलं नाही. त्या निकालानं देशाची मान खाली गेली नाही. आज कायद्याची मुलं तो अभिमानानं वाचतात.

आणि जे गप्प वाट पाहत राहतात, त्यांना काय मिळतं? 1951 मध्ये दिल्लीतच पहिलं एशियाड झालं. अकरा देशांत भारत दुसरा आला, 15 सुवर्णपदकं. त्यांतलं पहिलं सचिन नाग यांचं, 100 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यातलं. फाळणीच्या दंगलीत पायाला गोळी लागलेला हा माणूस त्याच पायानं पोहला. 1987 मध्ये ते गेले. ध्यानचंद पुरस्कार त्यांना 2020 मध्ये मिळाला, मरणोत्तर. आमचे पैलवान खाशाबा जाधव 1982 च्या एशियाडच्या मशाल दौडीत होते. त्यांना हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो अपघाती मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या सभागृहाला आज त्यांचं नाव आहे. ते वाचायला खाशाबा नव्हते.

ताई, हांगझोऊत साताऱ्याची अदिती स्वामी सतरा वर्षांची होती. सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेऊन आली. तिच्याकडं पाहून सातारा, सांगली, बीडच्या किती घरांतून मुली राष्ट्रीय शिबिरांत जायचं म्हणत असतील. आईबाप त्यांना सोनीपतला, पतियाळाला एकट्या सोडतात. उद्या त्यांतल्या एखादीला कुणाविरुद्ध बोलावंसं वाटलं आणि तिनं आठवून पाहिलं, की पी. टी. उषा अशा बोलण्याला काय म्हणाल्या होत्या, तर ती बोलणार नाही. बॅग भरून मुकाट्यानं गावी परत येईल. कुठल्याच तक्त्यात तिची नोंद नसेल.

2026 च्या सप्टेंबरात नागोयाचं एशियाड आहे. संघ निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. पहिली, ‘बेशिस्त’ हा शब्द जाहीरपणे मागे घ्या, तुमच्या सहीनं, तुमच्या लेटरहेडवर. दुसरी, ज्या महासंघाकडं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कायद्यानं सांगितलेली, बाहेरची सदस्य असलेली समिती काम करत नसेल, त्या महासंघाचं नाव ऑलिम्पिक संघानं प्रसिद्ध करावं. किती पदकं आणायची, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते मुली बघून घेतील. तुम्ही फक्त त्यांच्या बाजूला उभ्या राहा.

आपली,
दिल्लीतली एक मराठी क्रीडाप्रेमी