आडवाटेचा वाटाड्या निवडताना



जुमाच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चार माणसे उभी राहिली की हल्ली गाडीचा विषय निघतो. कोणी जुनी चारचाकी घेतलेली असते, कोणाच्या मुलाने पुण्याहून हप्त्यावर नवी आणलेली असते. गाडी आली की पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, रस्ता दाखवणारे यंत्र कोणते बसवावे?" विचारणाऱ्याच्या डोक्यात किंमत आणि पडद्याचा आकार असतो. मी त्याला उलट विचारतो, "तुम्हाला जायचे कोणत्या रस्त्याने?"

कारण हमरस्त्यावर यंत्राचे फारसे काम नाही. जून २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यातील लोणीपासून मूर्तिजापूरपर्यंत ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावर पाट्या आहेत, दिवे आहेत, ढाबे आहेत. पण फाट्यावर वळून आत शिरले की चित्र बदलते. भातकुली, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यात जमीन काळी आणि खोल. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते. एप्रिलमध्ये ज्या पांदणीने ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि तुमची गाडीही आरामात जाते, तीच पांदण जुलैमध्ये बैलालाही नको असते. नकाशावर मात्र दोन्ही महिन्यांत तीच रेघ असते. यंत्र निवडण्याचा सगळा प्रश्न या रेघेत आहे.

आधी यंत्र काय करते ते समजून घेऊ. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळेचा संकेत पाठवतात. तुमच्या हातातले यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत पकडते, कोणता किती उशिरा पोहोचला ते मोजते आणि त्यावरून आपली जागा काढते. ही व्यवस्था अमेरिकेची. सामान्य माणसासाठी तिच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून ती लोकांच्या खऱ्या उपयोगाची झाली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाईलही पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू आणि आपल्या इस्रोची नाविक याही अशाच व्यवस्था. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जागा कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही, संकेत थेट आकाशातून येतो. इंटरनेट लागते ते नकाशासाठी. दुसरी गोष्ट अशी की उपग्रहाला रस्ता दिसत नाही. तो फक्त "तू इथे आहेस" एवढे कळू देतो. पुढे रस्ता आहे की नाही, हे नकाशा बनवणाऱ्या माणसाने कधीतरी लिहून ठेवलेले असते. म्हणून यंत्र निवडणे म्हणजे मुख्यतः नकाशा निवडणे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू.

पहिला पर्याय खिशातला मोबाईल. बहुतेक घरांना तो पुरेसा आहे, वेगळा खर्च नको. गूगल मॅप्समध्ये आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि मग रेंज नसतानाही गाडीचा रस्ता दिसतो. उतरवलेला नकाशा मुदतीत ताजा करावा लागतो आणि रेंज नसताना वाहतुकीची खबर मिळत नाही. मॅपमायइंडियाचे मॅपल्स हे देशी ॲप आहे. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या नकाशावर चालतात. ती आडरानासाठी चांगली, कारण नकाशा पूर्णपणे मोबाईलमध्येच राहतो. चिखलदरा, सेमाडोहकडे जाताना डोंगरात रेंज जाते, तिथे अशा ॲपची किंमत कळते. एखाद्या गावाची पांदण एका नकाशात असते तर दुसऱ्यात नसते, म्हणून दोन ॲप्स ठेवावीत.

दुसरा पर्याय गाडीतला पडदा. यात दोन प्रकार आहेत आणि दुकानदार ते एकाच दमात सांगतो. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले असेल तर पडद्यावर दिसतो तो तुमच्या मोबाईलचाच नकाशा, फक्त मोठा. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टीरिओ. त्याला स्वतःचा जीपीएस अँटेना असतो. हा अँटेना डॅशबोर्डच्या आत लोखंडाखाली दाबून टाकला, तर नवा कोरा स्टीरिओही तुम्हाला शेतातून चालवतो. तो काचेजवळ, आकाश दिसेल असा बसवून घ्यावा.

तिसरा पर्याय गार्मिनसारख्या कंपन्यांचे वेगळे यंत्र. त्यात नकाशा भरलेला असतो, मध्येच फोन येत नाही. पण किंमत जास्त, आणि नकाशा ताजा करण्याचे काम आपले. रोज आडरानात फिरणाऱ्याला ते परवडेल, सुटीत मामूच्या गावी जाणाऱ्याला नाही.

चौथी वस्तू पर्याय नाहीच, पण तिच्या नावाने फसगत होते. "जीपीएस लावून देतो" म्हणून दुकानात जी छोटी डबी गाडीत बसवतात, तो ट्रॅकर असतो. गाडी कुठे आहे हे तो मालकाला घरी बसून सांगतो. चालवणाऱ्याला वाट दाखवत नाही. ट्रक किंवा स्कूल व्हॅन असणाऱ्याने तो जरूर घ्यावा, वाट शोधण्यासाठी मात्र घेऊ नये. तसेच फक्त वायफायवर चालणाऱ्या अनेक स्वस्त टॅबमध्ये जीपीएसची चिप नसते. मुलाचा अभ्यासाचा टॅब गाडीत लावण्याआधी हे तपासावे.

यंत्र किंवा ॲप कोणतेही असो, पैसे देण्याआधी काही परीक्षा घ्याव्यात. वर्गात आपण मुलांची घेतो तशा.

पहिली परीक्षा: नकाशा उतरवून घ्या, मग मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा आणि आपल्या गावापासून एखाद्या आतल्या गावाचा रस्ता मागा. मिळाला तर पास.

दुसरी परीक्षा नावाची. आपल्या जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वेही आहे. अमरावतीहून एक उत्तरेला, दुसरे आग्नेयेला. नांदगाव पेठ आहे आणि नांदगाव खंडेश्वरही. नुसते "चांदूर" किंवा "नांदगाव" टाकून पाहा, मराठीत टाका, इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे टाका. जे यंत्र तालुक्याचे नाव दाखवून "यातले कोणते?" असे विचारते, ते भरवशाचे. जे न विचारता निघते, त्याच्यावर नजर ठेवावी.

तिसरी परीक्षा ओळखीच्या रस्त्याची. जो रस्ता तुम्हाला पाठ आहे, त्यावर यंत्र चालवून बघा. ते पांदणीला डांबरी रस्ता समजते का? रपट्याला पूल समजते का? आपल्या माहितीच्या गावात जे चुकते, ते परक्या गावात जास्त चुकेल.

चौथी परीक्षा फाट्यावर थांबून. गाडी उभी असताना मोबाईलचा बाण त्यातल्या होकायंत्रावर फिरतो. चुंबकाच्या होल्डरमुळे हे होकायंत्र बिघडते आणि बाण भलतीकडे वळतो. किब्ला दाखवणाऱ्या ॲपलाही हाच त्रास होतो, म्हणून सफरीत किब्ला पाहताना मोबाईल होल्डरमधून काढून घ्यावा. रस्त्यावर वीस-पंचवीस मीटर पुढे गेले की यंत्र चालीवरून दिशा ओळखते. होल्डर चिमट्याचा घेतला तर ही कटकटच राहत नाही.

इतके करूनही एक गोष्ट कोणतेच यंत्र सांगणार नाही: आज त्या रस्त्यावर पाणी आहे का. हे लिहिताना गंमत सुचत नाही, कारण यात जीव गेले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि गाडीतील एकजण बुडाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात दोन तरुण डॉक्टरांची गाडी पावसाच्या रात्री नदीत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अपुऱ्या पुलावरून गाडी रामगंगेत कोसळून तिघे गेले. तिन्ही ठिकाणी मोबाईलच्या नकाशावर रस्ता असल्याची बातमी होती. त्या क्षणी रस्ता नव्हता.

आपल्याकडे पूर्णा आहे, पेढी आहे आणि त्यांना मिळणारे कितीतरी नाले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही रपट्यावर पाणी चढते. म्हणून पावसाळ्यात काही नियम घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवावेत. यंत्राने "दहा मिनिटे वाचतील" म्हटले तरी अनोळखी आडवाट रात्री धरायची नाही. रपट्यावर पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर गाडी थांबवायची. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी काच खाली करून विचारायचे. "तिकून जाऊ नोका भाऊ, गाडी फसन," हे सांगायला तिथला माणूस एक पैसा घेत नाही, आणि त्याची माहिती त्याच सकाळची असते.

विचारायला कोणी नसेल तर कडेचा दगड पाहावा. पिवळ्या माथ्याचा किलोमीटरचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य मार्गाचा, केशरी माथ्याचा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचा. दगड दिसत राहिले तर आपण बांधलेल्या रस्त्यावर आहोत. दगड संपले, धुऱ्याची बाभळी दोन्ही बाजूंनी आत आली आणि चाकोरीच्या मध्ये गवत दिसू लागले, की यंत्र काहीही म्हणो, गाडी वळवण्याची जागा शोधावी.

कायद्याचेही लक्षात असू द्या. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू नियमांनुसार गाडी चालवताना मोबाईलचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. मोबाईल होल्डरमध्ये असावा, गाव निघण्याआधीच टाकलेले असावे. शेजारी बेगम असोत, आपा असोत की दहावीतला मुलगा, नकाशा वाचण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. चालवणाऱ्याने रस्ता पाहावा.

आतापर्यंत जाणाऱ्याचे झाले. येणाऱ्याचा विचार आपण कमी करतो. मय्यत झाली की मुंबईचे, नागपूरचे नातेवाईक निघतात. दफनाची वेळ ठरलेली असते, आणि एखादा सख्खा भाऊ कुठल्या तरी पांदणीत चाक रुतवून बसतो. मिट्टीला हात लागला नाही ही खंत मग आयुष्यभर राहते. निकाहच्या पत्रिकेवर आपण शेरोशायरी छापतो, मग जागेचा क्यूआर कोड आणि "पावसात अमुक फाट्यावरूनच यावे" ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? व्हॉट्सॲपवर जागा पाठवताना ती घराच्या दारात उभे राहून पाठवावी. शेतातून पाठवली तर पाहुणा शेतात पोहोचतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रुग्णवाहिका. रात्री दोन वाजता घरात बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या किंवा अब्बांच्या छातीत दुखू लागले आणि १०८ ला फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न जागेचाच येतो. त्या घाबरलेल्या घडीला गावाचे पूर्ण नाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत यायचे आणि जवळची ठळक खूण, एवढे बिनचूक सांगता आले पाहिजे. एका जाड कागदावर हे मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत, लिहून दाराच्या मागे चिकटवा. घरात फोन उचलणारी अम्मी असेल किंवा नववीतली मुलगी, तिला ते वाचून सांगता येईल. आणि एकाने फाट्यावर टॉर्च घेऊन उभे राहावे.

मुलांना यात घ्या. भूगोलाच्या तासाला मी त्यांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगतो आणि पावसात बंद होणाऱ्या जागा लाल रंगाने दाखवायला सांगतो. पाचवीतले पोर जे काढते ते कोणत्याही कंपनीच्या नकाशात नसते: इथे गुडघाभर पाणी, इथे गाडा उलटला होता, इथून फक्त पायी. हीच माहिती मोबाईलवर "रस्ता बंद आहे" म्हणून कळवता येते, ओपनस्ट्रीटमॅपवर तर कोणालाही रस्ता दुरुस्त करता येतो. आपल्या गावचा नकाशा दिल्लीहून येऊन कोणी नीट करणार नाही.

उर्दूत वाट दाखवणाऱ्याला रहबर म्हणतात. रहबर तो, ज्याने ती वाट स्वतः चाललेली असते. यंत्र आपली जागा सांगते, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. वाट चाललेली माणसे आपल्या गावात आहेत, त्यांना विचारावे. या पावसाळ्याआधी नकाशा उतरवून घ्या, दारामागचा कागद लिहा आणि आपल्या गावचा कोणता रपटा आधी बुडतो ते शहरातल्या मुलांना फोन करून सांगा.