पोरांना दम देऊ नका, दम धरायला शिकवा



गळीत हंगाम आटोपला की आपण सारे पावसाकडे डोळे लावून बसतो. उसाला पाणी हवे, विहिरीला हवे. पण घाट उतरून खाली गेले, तर महाड-पोलादपूर भागात अशी पोरे आहेत की आभाळ भरून आले म्हणजे त्यांच्या पोटात गोळा उठतो. त्याला कारणही तसेच आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी पडल्या, महाड शहर पाण्याखाली गेले. हे घाटाखालचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच पावसाने पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथेही डोंगर खाली आणला.

अशा संकटातून गेलेले पोर पुढे कित्येक महिने दचकून उठते, अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, शाळेत लक्ष देत नाही. पोरगे नाटकी किंवा भित्रे आहे म्हणून हे होत नाही. शरीराने एकदा खाल्लेला धसका ते पुन्हा पुन्हा आठवते. अशा वेळी आपण मोठी माणसे काय करतो? बहुधा खेकसतो. “गप बस, रडलास तर बघ!” यालाच आपण दम देणे म्हणतो.

आपली भाषा मोठी शहाणी आहे. त्याच दमाचे तिने आणखी उपयोग सांगून ठेवले आहेत. चढणीला गाडीवान बैलांना दम खाऊ देतो. घाईत असलेल्याला आपण “जरा दमानं घे” म्हणतो. अडचणीतल्या माणसाला “दम धर” म्हणतो. म्हणजे श्वास आणि धीर यांचे नाते आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. पोरांच्या बाबतीत मात्र आपण दम द्यायचा तेवढा लक्षात ठेवला, धरायला शिकवायचे विसरलो.

यात जादूटोणा काही नाही. भीती वाटली की श्वास उथळ आणि भरभर होतो. तसाच होत राहिला तर हातापायांना मुंग्या येतात, डोके गरगरते आणि पोर आणखीनच घाबरते. आता, श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात. म्हणून श्वास सोडणे सावकाश आणि लांब केले, की छातीतली धडधड उतरू लागते. सारे मर्म श्वास सोडण्यात आहे.

ही विद्याही परकी नाही. महाडजवळच गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. येत्या-जात्या श्वासावर ध्यान ठेवणे, म्हणजे आनापान, ही बौद्ध परंपरेतील जुनी साधना आहे. अलीकडच्या काळात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रे लावून मोजावयास सुरुवात केली. महाराष्ट्र शासनानेही शाळांतून आनापान शिकविण्याचा ‘मित्र’ उपक्रम हाती घेतला. तेव्हा एखाद्याला हे धर्माचे वाटो, दुसऱ्याला शास्त्राचे वाटो. श्वास सर्वांचा एकच आहे.

करावयाचे ते असे. पोराला ताठ पण सैल बसवावे. नाकाने श्वास मनातल्या मनात तीन मोजेपर्यंत घ्यावा आणि पाच मोजेपर्यंत सावकाश सोडावा. लहानग्यांना आकडे सांगूच नयेत. गरम दुधावर फुंकर घालतात तशी हळू फुंकर घालायला सांगावे. सात-आठ वेळा पुरे. श्वास कोंडून धरायला लावू नये, जोरजोराने भाता चालवायला लावू नये. दमेकरी पोराला डॉक्टरांना विचारूनच शिकवावे. डोळे मिटण्याची सक्ती नको. घाबरलेल्या पोराला मिटल्या डोळ्यांपुढे नको ते दिसते. आणि शिकविणाऱ्याने शेजारी बसून स्वतः करावे. धापा टाकणाऱ्या बापाने “शांत हो” म्हटले, तर पोर कशाला ऐकेल?

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हंगाम सुरू होण्याआधी तपासतात, दाब चढल्यावर नव्हे. श्वासाची सवयही चांगल्या दिवसांत, हसतखेळत, रोज पाच मिनिटे लागली पाहिजे. ऐन विजांच्या कडकडाटात पहिला धडा द्यायला गेले तर काही उपयोग नाही. दुसरे असे की, व्हॉल्व्हमधून वाफ सुटली म्हणून कोणी तो बंद करून टाकत नाही. रडणे ही पोराची वाफ आहे. ती आधी जाऊ द्यावी, जवळ घ्यावे, मग श्वासाचे पाहावे. पोर शांत होणे वेगळे आणि गप्प होणे वेगळे. गप्प झालेले पोर आपल्याला सोयीचे असते, एवढेच.

काही सभासद म्हणतील, शेतकऱ्याच्या पोराला ही थेरे कशाला? आम्ही कुठे शिकलो होतो? आमचे म्हणणे असे, की आपणही धसके खाल्लेच. काहींनी ते गिळले, काहींनी बाटलीत बुडवले, काहींनी बायकापोरांवर काढले. ती वहिवाट पुढच्या पिढीला देण्याजोगी आहे काय?

एक गोष्ट मात्र ठासून सांगावयाची आहे. श्वासाने डोंगर थांबत नाही. धोक्याच्या वाड्यांची पाहणी, वेळेवर इशारा, सुरक्षित जागी पक्की घरे ही शासनाची आणि आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. पोरांना प्राणायाम शिकवला म्हणून त्यातून कोणाची सुटका होत नाही. ज्या पोराची भीती खरी आहे, त्याला नुसते “शांत राहा” सांगणे ही फसवणूक होय. धोका हटवा आणि धीरही शिकवा, दोन्ही हवे. भीती महिनोन् महिने उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांकही आहे.

आपल्या गावच्या शाळेत प्रार्थनेनंतर ही पाच मिनिटे ठेवण्याविषयी सभासदांनी गुरुजी-बाईंशी बोलावे. ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही यातून वगळू नये. परमुलखात, कोपीत, काळोखात झोपणाऱ्या त्या पोरांची भीती आपण फारशी विचारात घेत नाही. याला ना पैसा लागतो, ना ठराव. लागतो तो थोडा वेळ आणि मोठ्यांचा दम. तो आपण धरावा, एवढीच विनंती.