अंथरूण पाहून पाय

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या नाशिक शहरांतील व जिल्ह्यांतील विज्ञान-प्रदर्शनांचें रूप पालटलें आहे. पूर्वीं जेथें पुठ्ठ्याचीं धरणें व मातीचे ज्वालामुखी मांडले जात, तेथें आतां तळहाताएवढ्या पाटीवर बसविलेला अख्खा संगणक दिसूं लागला आहे. इंग्लंडांतील केंब्रिज येथील एका संस्थेनें 2012 सालीं ‘रास्पबेरी पाय’ नांवाचा असा संगणक अवघ्या 35 डॉलरांस विकावयास काढला, आणि तेव्हांपासून ही विद्या शाळकरी मुलांच्या आटोक्यांत आली. ही गोष्ट मोठ्या आनंदाची आहे. तथापि या आनंदांत एका साध्या गोष्टीचा विसर पडत आहे, असें आम्हांस वाटतें. आपलें यंत्र काय काय करतें, हें विद्यार्थी उत्साहानें सांगतो. परंतु तें बॅटरीवर किती वेळ चालेल, असें विचारलें कीं बहुधा गप्प होतो.

एका प्रदर्शनांत आम्हीं पाहिलेला प्रसंग येथें सांगतों. इयत्ता नववींतील दोघां मुलांनीं हवेचें तपमान व आर्द्रता नोंदविणारें यंत्र केलें होतें. त्यास सात इंची रंगीत पडदा जोडला होता, आणि भिंतींतील वीज न घेतां सर्व कांहीं 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या एका पॉवर बँकेवर चाललें होतें. त्यांचा हिशेब असा कीं, संगणक व पडदा मिळून 1,400 मिलिअँपिअर घेतात. म्हणजे सात तास तरी चिंता नाहीं. सकाळीं नऊ वाजतां यंत्र सुरू झालें. परीक्षक आले दोन वाजतां. तोंवर पडदा काळा होऊन अर्धा तास लोटला होता. मुलांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. त्यांची मेहनत खोटी नव्हती; हिशेब मात्र चुकला होता, आणि तो त्यांना कोणीं शिकविलाच नव्हता.

चूक कोठें झाली? पॉवर बँकेवर छापलेला आंकडा आंतील घटांच्या 3.7 व्होल्ट दाबाचा असतो. संगणकास मात्र 5 व्होल्ट लागतात. यास्तव अँपिअरची तुलना न करतां ऊर्जा मोजली पाहिजे. 10 अँपिअर-तास गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 37 वॉट-तास. दाब वाढवितांना कांहीं ऊर्जा उष्णतेच्या रूपानें वायां जाते. शेंकडा 85 हातीं लागली, तर सुमारें 31 वॉट-तास उरतात. इकडे खर्च 1.4 अँपिअर गुणिले 5 व्होल्ट, म्हणजे 7 वॉट. 31 ला 7 नें भागलें कीं साडेचार तासांच्या आंतच उत्तर येतें. नऊ वाजतां लाविलेला दिवा दीडच्या सुमारास विझणारच! गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलास हें गणित जमण्याजोगें आहे.

यावर पालक म्हणतात, “मग मोठी पॉवर बँक घेऊन देऊं.” आमचें मत याच्या उलट आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या सात वॉटांपैकीं दोन-अडीच वॉट एकटा पडदा घेत होता. हवेची नोंद दहा मिनिटांनीं एकदां व्हावयाची; मग तो पडदा सारा वेळ कोणासाठीं उजळत होता? कळ दाबली असतां तेवढाच उजळेल, अशी व्यवस्था करतां आली असती. अशा हलक्या कामास धाकट्या जातीची पाटी सुमारें एका वॉटांत पुरते. म्हणजे तीच पॉवर बँक एक दिवस व एक रात्र सहज पुरली असती, आणि एक पैसाही अधिक न लागतां.

थोर कारागिरांनींही हाच मार्ग धरला आहे. 2007 सालीं रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळील खैरात या गांवच्या शाळेंत ‘एक्सओ’ नांवाचे छोटे संगणक मुलांच्या हातीं दिले गेले. त्यांचा पडदा असा होता कीं, मागील दिवा मालविला तरी भर उन्हांत अक्षरें वाचतां येत. 2016 सालीं इंग्लंडांत शाळकरी मुलांस वाटलेल्या ‘मायक्रोबिट’ला पडदा म्हणून केवळ 25 तांबडे ठिपके आहेत, दोन बारीक सेलांवर तें चालतें. आणि आमच्या नाशिकचेंच उदाहरण घ्या. 2003 च्या सिंहस्थांत चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक मृत्युमुखीं पडले. पुढें येथीलच विद्यार्थी निलय कुलकर्णी यानें पावलें मोजणारी ‘आशिओटो’ ही चटई केली, आणि 2015 च्या सिंहस्थांत तिनें गर्दी मोजून दाखविली. गर्दीच्या वाटेवर यंत्रानें मोजावें, आणि पडदा जेथें पाहणारा अधिकारी बसला आहे तेथें असावा, हा विवेक त्यांत आहे.

कोणी म्हणेल, पडदा मंद केल्यास प्रदर्शनाची शोभा जाते. कॅमेऱ्यानें चित्र ओळखण्यासारखीं कांहीं कामें खरोखरच अधिक वीज मागतात, हेंही आम्ही मान्य करतों. तेथें मोठी बॅटरी अवश्य घ्यावी; परंतु हिशेबानंतर, हिशेबाऐवजीं नव्हे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पावसाळ्यांत वादळ झालें कीं वीज जाते. तेथील शाळेस उपयोगी पडेल असें यंत्र आमच्या मुलांनीं करावयाचें असेल, तर शोभेपेक्षां टिकाव मोठा मानला पाहिजे.

येथें धोक्याचे दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे घट स्वस्त मिळतात म्हणून मुलांनीं ते घरीं जोडूं नयेत. असा सामान्य घट 4.2 व्होल्टांपलीकडे भरला, अथवा त्याचीं टोकें एकमेकांस भिडलीं, तर तो पेट घेऊं शकतो. संरक्षक मंडल व जाणत्या माणसाची देखरेख यांवांचून त्यांस हात लावूं नये. दुसरें असें कीं, वीज एकाएकीं तुटली तर संगणकाच्या कार्डावरील लेखन बिघडतें. यासाठीं बॅटरी संपण्यापूर्वीं यंत्र आपण होऊन रीतसर बंद होईल, अशी सोय असावी.

आमची सूचना एवढीच आहे. प्रदर्शनांतील प्रत्येक बॅटरीवरील यंत्राजवळ एक पाटी असावी: खर्च इतके वॉट, साठा इतके वॉट-तास, चालेल इतके तास. परीक्षकांनीं त्या पाटीस गुण द्यावे, आणि ती खरी ठरते कीं नाहीं तें घड्याळ लावून पाहावें. पालकांनीं मोठ्या पॉवर बँकेपूर्वीं वीज मोजणारा लहानसा मीटर मुलास घेऊन द्यावा. विद्यार्थिमित्रांनो, यंत्र सुरू करणें कोणासही जमतें. तें केव्हां थांबेल हें आधीं सांगूं शकेल, त्यानेंच तें खरोखर जाणलें, असें आम्ही समजतों.