स्वमत

नववीच्या मध्यावर शाळा सोडून घरीच शिकायचे, असा निर्णय माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या मुलीने मिळून घेतला, तेव्हा मराठीचा अभ्यासक्रम ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. पंचवीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवल्यावर याहून सोपे काम कोणते असणार, असे मला वाटले. ते सोपे नव्हते. त्यात माझ्याकडून जी चूक झाली ती आपल्यापैकी अनेक अध्यापकांकडून होऊ शकेल अशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी व्यवहाराची बाजू. घरी शिकणाऱ्या मुलाला दहावीचे प्रमाणपत्र मिळवण्याचे दोन परिचित मार्ग आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. तेथे अभ्यासक्रम शाळेतल्या मुलांचाच, म्हणजे मराठी प्रथम भाषेसाठी ‘कुमारभारती’. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९८९ साली सुरू झालेल्या या संस्थेत पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सवडीने पूर्ण करता येतो, आणि भाषाविषयांत मराठीही आहे. दोन्हींचे पाठ्यक्रम आम्ही समोर ठेवून पाहिले. मात्र लवकरच लक्षात आले, की हा परीक्षेचा प्रश्न आहे, अभ्यासक्रमाचा नव्हे. परीक्षेच्या तयारीला शेवटचे चार-सहा महिने पुरतात. उरलेल्या दीड वर्षात या मुलीने काय वाचावे आणि कसे वाचावे, हे कोणत्याच मंडळाला विचारून कळणार नव्हते.

शालेय मराठीविषयीची माझी तक्रार जुनी आहे. पाठ्यपुस्तकात उतारे असतात, पुस्तके नसतात. कृतिपत्रिकेत आकृतिबंध पूर्ण करायचे, रसग्रहण ठरलेल्या मुद्द्यांनी लिहायचे, आणि शेवटी ‘स्वमत’ द्यायचे. या स्वमताची आदर्श उत्तरे बाजारात छापील मिळतात आणि हजारो मुले एकच स्वमत पाठ करून लिहितात. याला दोष शिक्षकांचा म्हणून नाही. लाखो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासायच्या, तर मत मोजता येईल अशा रूपात मागावेच लागते. ही मुलगी त्यातून सुटली याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मग मी यादी केली. ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’, काही नाटके, दलित आत्मकथने, कवितांची निवड. सगळे अखंड, उतारा एकही नाही. दर आठवड्याला एक बैठक आणि बैठकीनंतर तिने लिहायचे टिपण. सहा महिन्यांनी तिच्या आईने ती टिपणे कौतुकाने माझ्या हाती दिली. ती नीटनेटकी होती, शब्दकळा प्रौढ होती. वाचता वाचता मी अस्वस्थ झाले. ती माझी टिपणे होती. मी बोलताना वापरलेली विशेषणे, माझे लाडके लेखक, माझ्या नावडी, सारे जसेच्या तसे उतरले होते. मंडळाच्या छापील स्वमतातून सोडवलेल्या मुलीला मी माझे स्वमत पाठ करायला लावले होते. फरक एवढाच, की बाजारातले उत्तर नाकारणे तिला सोपे गेले असते. मावशीचे कसे नाकारणार?

घरच्या शिक्षणाचा हा धोका मराठी साहित्याच्या अभ्यासकाला नवा नसावा. आपल्या एकोणिसाव्या शतकातील कितीतरी लिहित्या स्त्रिया घरीच शिकल्या. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईवडिलांकडून मिळाले. रमाबाई रानडे पतीकडून शिकल्या आणि घरातल्या स्त्रियांचा रोष सोसत शिकल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी वाचताना जाणवते, की त्या घरात शिक्षण आणि आज्ञापालन हे जवळजवळ एकच होते. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेही गोपाळरावांनी लहानपणी घरी दिलेल्या शिकवणीच्या पायावर. पण त्या शिकवणीत मारहाणही होती, हे त्यांच्याच पत्रातून कळते. ही उदाहरणे मी आजच्या पालकांशी तुलना करण्यासाठी देत नाही. एवढेच म्हणायचे आहे, की घर ही शाळेपेक्षा आपोआप मोकळी जागा नसते. शाळेत शिक्षक दर तासाला बदलतो. घरात तो बदलत नाही, आणि त्याच्यावर मुलाचे प्रेमही असते. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मला म्हणूनच वेगळी वाटते. शिकवणारा पतीच होता, पण ‘स्मृतिचित्रे’मधली भाषा त्याची नाही. शिकवणाऱ्याकडे हसून पाहण्याची मुभा तिथे लेखिकेने स्वतःच घेतलेली आहे.

पुढच्या टप्प्यात मी यादी तशीच ठेवली आणि एक गोष्ट बदलली. ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचायचे ठरले, पण या वेळी अकरावीतला एक मुलगा सोबत घेतला. त्याचे आजोळ माण तालुक्यातले, घरात मेंढरे पाहिलेला. मी मुद्दाम कमी बोलले. तो म्हणाला, “मास्तर गावाला शिकवायला आला खरा, पण पुस्तकभर तोच शिकतोय.” त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पण मावशी, सगळे गाव आपण मास्तरच्याच डोळ्यांनी बघतो. शेकूची बायको बैलाच्या जोडीने औताला जुंपून घेते, ते मास्तरला दिसते. तिला काय दिसत होते?” १९५५ सालची ही कादंबरी मी किती वर्गांना शिकवली असेल, पण त्या बाईच्या जागी उभे राहून मी ती कधी वाचली नव्हती. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या आठवड्याचे टिपण अर्धे खोडलेले होते, वाक्ये अडखळत होती, आणि ते तिचे होते.

तेव्हा घरी शिकणाऱ्या किशोरवयीन मुलासाठी साहित्याचा अभ्यासक्रम पारखताना मी आता पुस्तकांची यादी शेवटी पाहते. परदेशी तयार संच असो, मंडळाचे पुस्तक असो की माझ्यासारख्या हितचिंतकाने केलेली निवड, आधी तीन गोष्टी विचारते. घराबाहेरचा दुसरा वाचक यात कुठे आहे? शिकवणाऱ्याला ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न यात येऊ शकतो का? आणि न आवडलेले पुस्तक सकारण नाकारण्याची सोय मुलाला आहे का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर साधे ‘कुमारभारती’ही पुरते. नसतील तर उत्तमोत्तम ग्रंथांची यादीही गाईडच ठरते, फक्त अधिक सुसंस्कृत.

यावर कोणी म्हणेल, पंधराव्या वर्षी मुलाला स्वतःचे मत कुठले, आधी वाचनाचा पाया तर घालू द्या. आक्षेप खोटा नाही. कोणीही आधी दुसऱ्याच्याच शब्दांत बोलायला शिकतो, आणि तिच्या त्या पहिल्या टिपणांतून तिला भाषा मिळाली हे मी नाकारत नाही. पण पाया घालणाऱ्याने भिंती कधी बांधायच्या नाहीत हेही ठरवून ठेवायला हवे. शाळेत ती वेळ निदान परीक्षेच्या तारखेने तरी येते. घरी ती आपण आणली नाही तर येतच नाही.

ती येत्या मार्चमध्ये सतरा नंबरने परीक्षेला बसणार आहे. कृतिपत्रिकेतला स्वमताचा प्रश्न कसा सोडवायचा, हे सध्या मी तिला शिकवते आहे. ठरलेले मुद्दे, ठरलेली लांबी. ती हसते आणि लिहून देते. गुण पडतील. मागच्या आठवड्यात तिने माझ्या यादीतले एक नाटक अर्ध्यावर सोडून परत केले, सोबत दीड पान कारणे. त्यांतली निम्मी मला पटली नाहीत. ते दीड पान मात्र मी जपून ठेवले आहे.