विश्लेषण : ‘टी’ म्हणजे चहा नव्हे, संध्याकाळचे जेवण! ब्रिटनमध्ये गेलेल्यांना गावोगावची इंग्रजी का शिकावी लागते?

आयईएलटीएसमध्ये उत्तम बँड मिळवलेला एखादा मराठी तरुण शेफिल्डला पोहोचतो. घरमालक दार उघडतो आणि म्हणतो, ‘नाऊ देन’. तरुण पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो. पुढचे वाक्य येतच नाही, कारण यॉर्कशरमध्ये ‘नाऊ देन’ हाच नमस्कार आहे. दुसऱ्या दिवशी दुकानदार विचारतो, ‘ऑलराइट?’ तरुणाला वाटते, आपला चेहरा आजारी दिसतोय की काय. तोही नमस्कारच असतो. शिक्षण आणि नोकरीसाठी दर वर्षी हजारो भारतीय ब्रिटनला जातात. त्यांची इंग्रजी कच्ची नसते, पण ती पुस्तकातली असते. गावोगावची इंग्रजी त्यांना तिथे गेल्यावरच भेटते. ती नाही कळली तर काय बिघडते, आणि कळली तरी ती बोलावी का?

परीक्षेतली इंग्रजी आणि गल्लीतली इंग्रजी वेगळी कशी?

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएसमध्ये ९ पैकी एकूण ७ आणि लेखनात ६.५ गुण चालतात. डॉक्टरांसाठी एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७ लागतात. या परीक्षेत ऐकण्याचा विभाग असतो, त्यात वेगवेगळे उच्चारही असतात. पण वक्ते बहुतेक प्रमाण इंग्रजीच बोलतात. प्रत्यक्षात मात्र ब्रिटनमध्ये पन्नास-साठ किलोमीटरवर भाषेचा बाज बदलतो. न्यूकॅसलची जॉर्डी, लिव्हरपूलची स्काउस, बर्मिंगहॅमची ब्रमी, यॉर्कशरची बोली आणि स्कॉटलंडची तर अनेक रूपे. नुसत्या गोल पावाचेच उदाहरण घ्या. मँचेस्टरमध्ये तो ‘बार्म’, नॉटिंगहॅममध्ये ‘कॉब’, शेफिल्डमध्ये ‘ब्रेडकेक’ आणि न्यूकॅसलमध्ये त्याचा मोठा, चपटा भाऊ ‘स्टॉटी’.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. पुण्याच्या इंजिनीअरिंग हॉस्टेलमध्ये प्रस्तुत प्रतिनिधीने पहिल्या महिन्यात ‘काहून बे’ ऐकले तेव्हा समोरचा भांडतोय असेच वाटले होते. दुसऱ्या वर्षी अर्धा मजला तेच बोलत होता.

कोणते शब्द जास्त फसवतात?

अनोळखी शब्द फारसा धोकादायक नसतो, कारण तो कळला नाही हे आपल्याला कळते. आपण ‘सॉरी?’ म्हणतो आणि समोरचा पुन्हा सांगतो. खरा घोळ ओळखीच्या शब्दांचा होतो. शब्द ओळखीचा असतो, अर्थ मात्र वेगळा, आणि कोणालाच शंका येत नाही.

उत्तर इंग्लंडमध्ये अनेक घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. ‘टीला ये’ हे आमंत्रण चहा-बिस्किटांचे नसून जेवणाचे असते. यॉर्कशरच्या जुन्या बोलीत ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. तिथल्या जुन्या माणसाने ‘आय ॲम स्टार्व्ड’ म्हटले तर त्याला भूक नव्हे, थंडी वाजत असू शकते. लिव्हरपूलमध्ये ‘मेड अप’ म्हणजे बनावट नव्हे, तर खूश. स्कॉटलंडमध्ये ‘मेसेजेस’ आणायला जाणे म्हणजे किराणा आणायला जाणे.

सर्वांत अवघड ‘डाउट’. स्कॉटलंडमध्ये कोणी ‘आय डाउट इट्ल रेन’ म्हटले तर आपण छत्री घरी ठेवू. पण तिथे त्याचा अर्थ ‘पाऊस पडणार असे दिसतेय’ असा होऊ शकतो, म्हणजे नेमका उलटा. याच स्कॉटलंडमध्ये ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे ‘कुठे राहतोस?’ हा प्रश्न मात्र भारतीयाला अगदी घरचा वाटतो. लंडनमध्ये ‘स्टे’ हा तात्पुरता मुक्काम असतो. भारतीय आणि स्कॉटिश इंग्रजी इथे एकाच बाजूला आहेत.

रुग्णालयात हा प्रश्न गंभीर का होतो?

गैरसमज दुकानात झाला तर हसण्यावारी जातो. रुग्णालयात तसे नसते. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, परदेशातून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे आणि त्यांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण बहुतेक वयस्कर. म्हणजे जुनी बोली सर्वाधिक टिकवून असलेला गट.

समजा, परिचारिकेने सांगितले, ‘ही गोळी डिनरबरोबर घ्या’. तिच्या मनात रात्रीचे जेवण आहे, बार्न्सलेच्या आजोबांच्या मनात दुपारचे. गोळी मधुमेहाची असेल तर हा फरक किरकोळ राहत नाही. ‘पुअरली’ म्हणजे आजारी, हा रोजच्या वापरातला सौम्य शब्द. पण वॉर्डातला सहकारी ‘शी इज व्हेरी पुअरली’ म्हणतो तेव्हा अनेकदा रुग्णाची प्रकृती गंभीर आहे असे सांगत असतो. ऐकणाऱ्याने त्याला ‘जरा बरे नाही’ समजले तर पंचाईत. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे पाणीपुरवठा खाते नव्हे, लघवीची तक्रार. स्कॉटलंडमध्ये ‘ऑक्स्टर’ म्हणजे काख, ‘बोक’ म्हणजे उलटी किंवा मळमळ, ‘पीली-वॉली’ म्हणजे पांढराफटक पडलेला. उत्तर इंग्लंडमध्ये परदेशी डॉक्टरांसाठी अशा शब्दांच्या याद्या तयार झाल्या, त्या याच गरजेतून.

आपल्याकडे उलट बाजूने पाहू. ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा झालाय’, ‘पायाला मुंग्या आल्यात’ हे परप्रांतातून आलेल्या डॉक्टरला शब्दकोशातून कसे कळणार? दुखणे माणूस आपल्या बोलीतच सांगतो. घाबरलेला असेल तेव्हा तर नक्कीच.

ही बोली म्हणजे बिघडलेली इंग्रजी का?

नाही. उलट यातले बरेच शब्द प्रमाण इंग्रजीने टाकून दिलेले जुने शब्द आहेत. यॉर्कशरचे ‘ओट’ (काहीतरी) आणि ‘नोट’ (काहीच नाही) हे थेट जुन्या इंग्रजीतून आले. नवव्या शतकात उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये व्हायकिंग वसले. त्यांच्या भाषेच्या खुणा आजही तिथल्या बोलण्यात आहेत. खेळणे या अर्थाचा ‘लेक’ हा यॉर्कशरचा शब्द त्यांचा. मुलासाठी न्यूकॅसल आणि स्कॉटलंडमध्ये ‘बेअर्न’ म्हणतात. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये आजही मुलाला ‘बार्न’ म्हणतात.

बाहेरून आलेला माणूस आधी काय उचलतो?

शब्द आधी, उच्चार नंतर. कॅनडाचे भाषाशास्त्रज्ञ जे. के. चेंबर्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातून दक्षिण इंग्लंडमध्ये आलेल्या दोन कुटुंबांतील सहा मुलांचे बोलणे तपासले. मुलांनी इंग्लंडचे शब्द भराभर उचलले, उच्चार मात्र मागे राहिले. शब्द उचलण्याचा वेगही सुरुवातीला जास्त असतो आणि मग मंदावतो, असे त्यांनी मांडले. कारण सोपे आहे. शब्द बदलणे म्हणजे फोनवर एक नवे ॲप टाकणे. उच्चार बदलणे म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे.

वयाइतकाच महत्त्वाचा असतो इरादा. भाषातज्ज्ञ रॉब ड्रमंड यांनी मँचेस्टरमधील पोलिश स्थलांतरितांचा अभ्यास केला. त्यात परत मायदेशी जाण्याचा बेत असलेल्यांच्या इंग्रजी उच्चारात पोलिश वळण अधिक टिकलेले आढळले. ज्यांना मँचेस्टरमध्येच राहायचे होते ते स्थानिक उच्चाराकडे अधिक झुकले. म्हणजे जीभ आपोआप वळत नाही. आपण इथले की पाहुणे, याचे उत्तर मनात काय आहे, त्यावरही ती वळते.

समोरच्यासारखे बोलण्याची ही ओढ तशी सार्वत्रिक आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात ती सिद्धांतरूपाने मांडली. आपल्याला जवळीक हवी असेल तर आपण समोरच्याच्या बोलण्याकडे सरकतो, अंतर ठेवायचे असेल तर दूर जातो. कोल्हापूरला गेल्यावर तिसऱ्या दिवशी तोंडात ‘लई भारी’ येते ते यामुळेच.

बोली बोलावी की फक्त समजावी?

समजावी तर पूर्ण. बोलताना मात्र तारतम्य हवे. एखादा शब्द सहज आला तर स्थानिकांना आनंद होतो. न्यूकॅसलमध्ये ‘कॅनी’ (छान), एडिंबरामध्ये ‘वी’ (छोटा) किंवा अगदी सरकारी कागदांतही दिसणारा स्कॉटिश ‘आउटविथ’ (बाहेर, व्यतिरिक्त) बाहेरच्यांच्या तोंडी लवकर बसतात. पण महिनाभरात अख्खा लहेजा उचलला तर ती नक्कल वाटते, आणि नक्कल म्हणजे चेष्टा असाही अर्थ निघतो. पुण्यात आलेल्या कोणी पहिल्याच आठवड्यात ओढूनताणून पेठी मराठी सुरू केली तर आपल्याला काय वाटेल?

संबोधनांचे गणित आणखी नाजूक आहे. यॉर्कशरचा बसचालक प्रवाशाला ‘लव्ह’ म्हणतो, नॉटिंगहॅम-डर्बीत ‘डक’, न्यूकॅसलमध्ये ‘पेट’, ग्लासगोमध्ये बाईला ‘हेन’. नव्याने गेलेली मुलगी यामुळे दचकते, पण बहुतेक वेळा हे आपल्या ‘ताई’, ‘दादा’, ‘मावशी’सारखेच असते. तरीही बाहेरच्याने, विशेषतः पुरुषाने, ऑफिसातल्या सहकारी स्त्रीला ‘लव्ह’ म्हणायला जाऊ नये. तिथल्या लोकांनाही ते प्रत्येक ठिकाणी चालत नाही. शिव्यांचेही तसेच. त्या कळतात सर्वांत आधी, पण त्यांचे वजन कळते सर्वांत शेवटी.

यात एक विचित्र पेच आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात प्रा. देवयानी शर्मा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उच्चार-पूर्वग्रहाच्या अभ्यासात लोकांना विविध उच्चारांचे मूल्यमापन करायला सांगितले गेले. उच्चभ्रू ब्रिटिश उच्चार वर राहिला. बर्मिंगहॅमसारख्या औद्योगिक शहरांचे आणि भारतीय वळणाचे उच्चार तळाकडे गेले. म्हणजे भारतीय तरुणाने बर्मिंगहॅमचा लहेजा मनापासून शिकला तरी लंडनच्या मुलाखतीत तो एका खालच्या पायरीवरून दुसऱ्या खालच्या पायरीवर येतो. पण बर्मिंगहॅममधल्या वॉर्डात किंवा कारखान्यात तोच लहेजा त्याला आपला माणूस बनवतो. दिलासा एवढाच, की याच अभ्यासात विधि क्षेत्रातील जाणकारांनी उमेदवारांची उत्तरे तपासताना उच्चारापेक्षा उत्तराच्या दर्जाला महत्त्व दिल्याचे दिसले.

मोबाइलचे ॲप मदत करेल का?

थोडीच. बोलणे ऐकून मजकूर दाखवणारी ॲप ज्या प्रकारच्या बोलण्यावर घडवली जातात, तेच त्यांना नीट कळते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या अशा प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकले, तर कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५ टक्के. त्यानंतर प्रणाली सुधारल्या आहेत, पण ग्लासगोचा आजोबा आणि नाशिकची परिचारिका यांच्या मधे फोन ठेवून दोघांनी निर्धास्त व्हावे, असे नाही.

बाहेरचे फक्त शिकतात की बदलतातही?

दोन्ही. लिव्हरपूलच्या बोलीवर १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथे आलेल्या आयरिश लोकांचा मोठा ठसा आहे. ‘स्काउस’ हे नावच ‘लॉबस्काउस’ या खलाशांच्या रस्स्यावरून आले. पूर्व लंडनमध्ये तर २००४ पासून झालेल्या संशोधनात नवी शहरी बोलीच नोंदवली गेली. कॅरिबियन, आफ्रिकी, दक्षिण आशियाई आणि गोरी मुले एकाच वर्गात वाढली आणि त्यातून ती घडली.

आपलाही हात त्यात आहे. ब्रिटनमध्ये एखाद्याचे डोके फिरले असे सांगायला ‘डूलॅली’ म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. एकोणिसाव्या शतकात भारतातील सेवा संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने अडकत. उष्णता, आजार आणि रिकामपण यांनी काहींचे मानसिक संतुलन ढळे. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. देवळालीची परिचारिका उद्या लीड्सच्या वॉर्डात रुजू झाली आणि एखाद्या आजीने ‘आय ॲम गोइंग डूलॅली’ म्हटले, तर तिने आपल्या गावाचे नाव ओळखायला हवे.

मग जाणाऱ्यांनी काय करावे?

ज्या शहरात जायचे आहे तिथल्या स्थानिक रेडिओ वाहिन्या निघण्याआधी महिनाभर ऐकाव्यात. बीबीसीच्या स्थानिक वाहिन्यांवर श्रोत्यांचे फोन येतात, तेच खरे गावचे बोलणे. नवा शब्द ऐकला की मोबाइलमध्ये वाक्यासकट टिपून ठेवावा. वेळ, औषध, पैसे आणि पत्ता यांत बोलीवर विसंबू नये. ‘डिनर’ऐवजी ‘दुपारी एक’ किंवा ‘संध्याकाळी सहा’ असे आकड्यात विचारावे आणि समजलेले परत बोलून खात्री करून घ्यावी. आणि ‘हा शब्द मला माहीत नाही, म्हणजे काय?’ असे सरळ विचारावे. आपल्या गावच्या शब्दाची गोष्ट सांगायला कोणालाही आवडते. यॉर्कशरचा माणूसही त्याला अपवाद नाही.