बोटाची मांडवली

तर्जनीची किंमत किती? हसू नका, याला खरंच आकडा आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या परिशिष्टात अवयवांपुढे टक्के छापलेले होते. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्क्यांनी घटली असं धरायचं, अंगठा गेला तर ३०, एका हाताची चार बोटं गेली तर ५०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं. आता वाटतं, बरं झालं कोणीतरी छापून ठेवलं. नाहीतर मालक म्हणेल तो भाव.

आणि होतं तसंच. २०२५ च्या उन्हाळ्यात इन-प्लांट ट्रेनिंगला मी एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होते. आठ-नऊ माणसं, त्यामुळे ईएसआय नाही. तिथल्या एका ऑपरेटरची अख्खी तर्जनी पॉवर प्रेसखाली गेली होती. वय माझ्याएवढंच, २०. पगार १२,०००. तीस हजार रोख, मलमपट्टीचा खर्च आणि एका कागदावर सही. प्रकरण मिटलं! याला 'मांडवली' म्हणतात. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या डिक्शनरीत हा शब्द नव्हता.

आता कायद्याचा हिशोब बघा. पगाराचे ६० टक्के, म्हणजे ७,२००. विसाव्या वर्षाचा गुणक २२४. गुणाकार १६,१२,८००. त्याचे १४ टक्के २,२५,७९२ रुपये. आपल्याला कॅल्क्युलेटरवर एक मिनिट लागतं.

कोणी म्हणेल, कोर्टकचेरीत वर्षं जातात, हातात पडले ते खरे. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला हे पटणारच. पण समझोत्याला कायद्याची ना नव्हतीच. फक्त तो आयुक्तांकडे नोंदवायचा, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकत. हक्क सोडल्याची सही कायद्याने रद्दच. दावा करायला दोन वर्षांची मुदत. हे त्या मुलाला सांगणार कोण?

मालकाचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "गार्ड त्यानेच काढला." हा मुद्दा पोकळ नाही. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला आणि मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नसेल, तर भरपाई नाकारता येत असे. पण गार्ड लावला की पीसेस कमी निघतात, टार्गेट मात्र तेच. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं असतं. सुपरवायझरला ते दिसत नाही? आणि सुपरवायझर कोण असतो? दोन वर्षांनी आपल्यातलाच कोणीतरी. अपघाताच्या रिपोर्टमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द लिहिणारा हात आपला असेल, दहाही बोटं शाबूत असलेला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. कामावर जाता-येता झालेला अपघातही काही अटींवर तिच्यात धरला आहे. टक्के आणि गुणकाची पद्धत तीच राहिली.

आपण डायचा क्लिअरन्स मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काढतो, व्हायवात त्यावर मार्क जातात. हा गुणाकार मात्र कोणत्याच पेपरला नाही. वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांना विनंती, 'सेफ्टी फर्स्ट'च्या गंजलेल्या बोर्डाशेजारी हा तक्ता मराठीत लावू द्यावा. टायपिंग मी करून देते. लॅमिनेशनचे पैसे होस्टेलमधून गोळा करू.